ठाण्याची बातमी ठाण्यातून : खिळ्यांपासून केबलपर्यंत

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आपल्या गावच्या पत्रकारितेचा इतिहास असावा, असे संपादक मंडळाने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. एका कार्यालयाची किंवा एका मंडळाची हकिगत सांगून हे काम भागण्यासारखे नव्हते. गावाची बातमी गावातून देणे हीच ठाण्यातली एक जुनी संस्था आहे. तिचे चालक बदलले, यंत्रे बदलली, वाचकाचा प्रेक्षक झाला. त्या संस्थेचा हा आलेख आहे.

रेल्वे, नगरपालिका आणि वृत्तपत्र

बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पोचली. २१ मैलांचा तो प्रवास देशभर गाजला. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, ठाण्याला नगरपालिका मिळाली. आणि जुलै १८६६ मध्ये काशिनाथ विष्णू फडके यांनी ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक सुरू केले. आधी रेल्वे, मग नगरपालिका, मग वृत्तपत्र. तेरा वर्षांत घडलेल्या या तीन गोष्टींचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. गाडीने ठाणे मुंबईच्या जवळ आणले. नगरपालिकेबरोबर घरपट्टी, दिवाबत्ती, गटारे आणि रस्ते यांविषयी विचारायचे प्रश्न आले. ते प्रश्न छापायला जागा हवी होती, ती ‘अरुणोदय’ने दिली.

त्या काळचे ठाणे लहान होते. पुढे १९०१ च्या शिरगणतीतही गावाची वस्ती जेमतेम सोळा हजार भरली. एवढ्या गावात साप्ताहिक कसे चालले, याचे उत्तर गावाच्या हुद्द्यात आहे. ठाणे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. कलेक्टर कचेरी इथे, जिल्हा न्यायालय इथे, किल्ल्यातला तुरुंगही इथेच. वकील, कारकून, शाळामास्तर, खोत आणि जमीनदार यांचे येणेजाणे रोजचे. वसई, भिवंडी, कल्याण, पनवेल या भागांतले लोक कज्जेखटल्यांसाठी ठाण्याची वाट धरत. आज मुंबईची उपनगरे म्हणून ओळखली जाणारी साष्टीतली गावेसुद्धा १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत. म्हणजे ठाण्यात छापलेल्या पत्राला सबंध जिल्ह्याचा वाचक होता.

मराठी छपाईही तेव्हा नवीच होती. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा. ‘अरुणोदय’ त्याच्याही तीन वर्षे आधी निघाले. मुंबईत ‘इंदुप्रकाश’ आणि पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ चालू होते. मुंबईची पत्रे गाडीने काही तासांत ठाण्यात येत. म्हणजे ज्या रेल्वेने वाचक घडवला, तिनेच पहिल्या दिवसापासून स्पर्धकही आणून उभा केला. मुंबईच्या पत्रात कौन्सिलातली चर्चा, कापसाचे भाव आणि विलायतेची तार वाचायला मिळे. ठाण्याच्या तलावाची आणि कचेरीतल्या कारभाराची खबर मात्र ठाण्याच्याच पत्राला द्यावी लागे. स्थानिक पत्राची जागा तेव्हापासून इथेच आहे.

फडके घराण्याने पुढे ‘हिंदुपंच’ही चालवले. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाच्या धर्तीचे, विनोद आणि उपहास यांना वाहिलेले हे पत्र होते. गंभीर बातमी देणारे एक आणि सत्ताधाऱ्यांना चिमटे काढणारे दुसरे, अशी दोन पत्रे लहानशा ठाण्यातून निघत होती, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

सरकारची नजर आणि तुरुंगाची वाट

१८६७ च्या कायद्याने छापखाना आणि वृत्तपत्र या दोहोंवर नोंदणीचे बंधन घातले. दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करायचे आणि प्रत्येक अंकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव, छपाईचे ठिकाण छापायचे. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात येणारी ती ओळ त्या कायद्यातून आली. हा कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि तो मार्च २०२४ पासून लागू झाला.

लॉर्ड लिटनच्या सरकारने १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा जाचक कायदा केला. तो काही वर्षांत मागे घेतला गेला, तरी नजर उठली नाही. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत देशी पत्रे आठवड्याच्या आठवड्याला वाचली जात. त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढून तो वरिष्ठांकडे गुप्तपणे धाडला जाई. त्या अहवालांत मुंबई-पुण्याच्या पत्रांबरोबर ठाण्याच्या ‘अरुणोदय’चे आणि ‘हिंदुपंच’चे नाव येते. लहान गावातले पत्र सरकार दखल घेऊन वाचत होते, याचा हा पुरावा. आज अभ्यासकाला जुन्या अंकांतला मजकूर शोधायचा तर या अहवालांचाच मोठा आधार मिळतो.

१९०८ हे वर्ष कसोटीचे ठरले. लोकमान्य टिळकांना त्या वर्षी २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. त्याच वर्षी ‘अरुणोदय’चे संपादक धोंडो काशिनाथ फडके यांच्यावरही राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. टिळकांचा खटला साऱ्या देशाला ठाऊक आहे. ठाण्याच्या संपादकाचा खटला ठाण्यातही फार थोड्यांना माहीत आहे. १९१० मध्ये नवा प्रेस ॲक्ट आला आणि जामिनाच्या रकमा भरता भरता कितीतरी लहान पत्रांचे कंबरडे मोडले. त्याच वर्षी १९ एप्रिलला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. अशा काळात, त्या तुरुंगापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पत्र चालवणे म्हणजे काय असेल याची कल्पना आपण केली पाहिजे.

जुळाऱ्याच्या हातची बातमी

स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरची तीन-चार दशके आपल्याकडची बहुतेक साप्ताहिके खिळे जुळवूनच छापली जात. संपादकाची खोली आणि छापखाना बहुधा एकाच जागेत असे, पुष्कळदा एखाद्या वाड्याच्या तळमजल्यावर. जुळारी तिरप्या लाकडी केसपुढे उभा राही. डाव्या हातात स्टिक, उजवा हात घरांवरून फिरतो आहे. देवनागरीत जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या आणि रफार यांच्यासाठी इंग्रजीच्या कित्येक पट घरे लागतात. कुठल्या घरात काय आहे हे त्याला न बघता ठाऊक असे. ओळी गॅलीत उतरायच्या, शाई फिरवून ओले प्रूफ काढायचे, मुद्रितशोधकाने समासात खुणा करायच्या, मग चिमट्याने चुकीचा खिळा उचलून बरोबर खिळा बसवायचा. पान चौकटीत आवळून मशीनवर चढले की ट्रेडल चालवणारा एकेक कागद घालत जाई. फोटो छापायचा तर ब्लॉक करायला मुंबईला पाठवावा लागे. म्हणून लहान साप्ताहिकात फोटो क्वचितच दिसे, आणि ज्याचा छापून येई तो घरात ती प्रत जपून ठेवी.

या छपाईचा परिणाम भाषेवरही झाला. जागा मोजकी, खिळे मोजके. बातमी आटोपशीर लिहिण्याची सवय तिथूनच लागली. संपादक, बातमीदार, मुद्रितशोधक आणि वर्गणी गोळा करणारा ही चारही कामे पुष्कळदा एकच माणूस करी. पत्र चालायचे ते वर्गणीवर कमी आणि कोर्टाच्या व नगरपालिकेच्या नोटिसांवर, निविदांवर, दुकानांच्या दिवाळी जाहिरातींवर आणि छापखान्यातल्या लग्नपत्रिकांवर जास्त. लग्नसराईच्या कमाईतून पावसाळ्यातले अंक निघत. या घरगुती अर्थशास्त्रावर जिल्ह्याचे सार्वजनिक जीवन उभे होते.

वाचक घडवण्याचे कामही गावात चालूच होते. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते भावे ते हेच. ग्रंथालयांच्या आणि वाचनालयांच्या टेबलांवर एकेक अंक दहा-वीस जण वाचत. स्थानिक पत्राचा खप आकड्यात थोडा दिसला, तरी त्याचा वाचक त्याहून कितीतरी अधिक असे.

कारखान्यांचे शहर आणि १९७५

१९६१ मध्ये ठाण्याची लोकसंख्या एक लाखावर गेली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेटच्या रूपाने ठाणे कारखान्यांचे शहर बनले. पाळ्यांत काम करणारा कामगार, मुंबईला लोकलने जाणारा चाकरमानी आणि तलावाकाठचा जुना ठाणेकर असे तीन वाचक एका गावात आले. त्यांचे प्रश्न निराळे होते. कामगाराला पगारवाढीच्या कराराची बातमी हवी होती, चाकरमान्याला लोकलच्या वेळापत्रकाची आणि चाळीतल्या पाण्याची, जुन्या ठाणेकराला नाटकाची आणि व्याख्यानमालेची. आठवड्यातून एकदा निघणारे पत्र या सगळ्यांना पुरे पडणे कठीण होते.

१९७५ मध्ये नरेंद्र बल्लाळ यांनी ‘ठाणेवैभव’ सुरू केले. त्या वर्षाच्या जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि देशातल्या सगळ्याच वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. वृत्तपत्राच्या धंद्यात पाय रोवायला याहून अवघड काळ नसेल. तरी ठाण्याचे पत्र ठाण्यातून रोज निघू शकते हे पुढच्या काळात सिद्ध झाले. ‘सन्मित्र’ हेही ठाण्याच्या घराघरांत ओळखीचे नाव. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि प्रभाग, नगरसेवक, स्थायी समिती, विकास आराखडा हे शब्द बातमीत रोजचे झाले. आरक्षणाच्या भूखंडाचे काय झाले, टँकर कुठे गेले, कुठल्या रस्त्याची निविदा कोणाला मिळाली, हे विचारणारा बातमीदार महासभेत बसू लागला. मुंबईच्या मोठ्या दैनिकांनाही पुढे ठाण्यासाठी स्वतंत्र पुरवण्या काढाव्या लागल्या. स्थानिक पत्रांनी शतकभर जोपासलेल्या वाचकाची ती पावती होती.

गच्चीवरचे अँटेना

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीत १९५९ पासून चाललेल्या प्रयोगानंतरचे हे देशातले दुसरे केंद्र. वरळीच्या मनोऱ्यावरून येणारे प्रक्षेपण ठाण्यात मिळे. गच्चीवर अँटेना लावायचा, एकाने वर राहून तो फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडून चित्र आले की नाही ते सांगायचे. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी शेजारपाजार. ‘आमची माती, आमची माणसं’ने शेतकऱ्याला, ‘कामगार विश्व’ने कामगाराला, ‘ज्ञानदीप’ने शिकणाऱ्याला पडद्यावर जागा दिली. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘चिमणराव’ ही नावे मागच्या पिढीला आजही तोंडपाठ आहेत. संध्याकाळी सातच्या बातम्यांनी मराठी उच्चाराचा आणि संयत निवेदनाचा एक मानदंड घालून दिला.

पण केंद्र एक आणि बातमीपत्र सबंध महाराष्ट्रासाठी. त्यात ठाण्याच्या वाट्याला यायचे ते मोठा अपघात, पूर किंवा मंत्र्यांचा दौरा एवढेच. त्यामुळे दूरदर्शन आले तरी स्थानिक पत्राचे काम कमी झाले नाही. लोक सातला देशाची खबर बघत आणि सकाळी गावाची खबर वाचत.

केबलचा काळ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सोसायट्यांमधून आणि चाळींमधून केबल फिरू लागली. सुरुवातीला एक व्हीसीआर, एक खोली आणि दोन-चार इमारतींना पुरवलेला सिनेमा एवढाच तो व्याप होता. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून आली आणि गच्चीवर मोठ्या डिश बसल्या. त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई दूरदर्शनला वीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, झी टीव्ही सुरू झाला. झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, गॅलरीच्या कठड्यांवरून काळ्या वायरी गेल्या. दर महिन्याला पैसे घ्यायला येणारा केबलवाला घरातल्या सगळ्यांना नावाने ओळखू लागला.

१९९५ च्या केबल कायद्याने या धंद्याला चौकट दिली. चालकाने मुख्य डाकघरात नोंदणी करायची आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायच्याच, असे बंधन आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला होता.

चालकाच्या हाती एखादी मोकळी वाहिनी असे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात त्या मोकळ्या जागेतून स्थानिक बातमीपत्र जन्माला आले. नियंत्रण खोलीच्या कोपऱ्यात एक टेबल, मागे पडदा, वर दोन दिवे. बातमीदार स्कूटरवरून व्हीएचएसचा कॅमेरा घेऊन प्रभागात फिरे आणि संध्याकाळपर्यंत कॅसेट घेऊन परते. दोन व्हीसीआर जोडून संकलन होई. महासभेतला गोंधळ, शाळेचे स्नेहसंमेलन, गोविंदांचे थर, कोपरीच्या किंवा कळव्याच्या रस्त्यावरचे खड्डे हे सगळे त्याच रात्री घरच्या पडद्यावर दिसे. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्लासच्या जाहिराती, दहावीत चमकलेल्या मुलांची नावे आणि ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना. छापील पत्राला जे काम करायला दुसरी सकाळ लागे, ते इथे संध्याकाळीच होऊ लागले.

२६ जुलै २००५ च्या पावसात या माध्यमांची परीक्षा झाली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली. उल्हास नदीच्या काठची गावे आणि वस्त्या बुडाल्या. वीज नसली की केबल बंद पडते, हे त्या दिवसांनी शिकवले. पाणी ओसरल्यावर पंचनामे, मदतीचे वाटप, रोगराईच्या सूचना आणि नालेसफाईच्या हिशेबाचे प्रश्न आठवडेच्या आठवडे लावून धरण्याचे काम स्थानिक पत्रांना करावे लागले. पडदा आणि कागद यांना एकमेकांची गरज आहे, हे इतके स्पष्टपणे पूर्वी कधी दिसले नव्हते.

२००७ पासून चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या आल्या. ठाण्याची मोठी बातमी आता क्षणात राज्यभर जाऊ लागली, पण प्रभागातली लहान बातमी तिथे बसत नाही. पुढे २०१२ पासून टप्प्याटप्प्याने केबलचे डिजिटलीकरण झाले. सेट-टॉप बॉक्स आले, लहान चालक मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यात सामील झाले आणि अनेक स्थानिक बातमीपत्रांची मोकळी जागा आटली. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत वृत्तपत्रांच्या घरोघरी वाटपावर काही काळ बंदी आली. तेव्हा पत्रे मोबाइलवर पीडीएफ होऊन पोचली. रुग्णालयात खाट कुठे आहे, कुठली इमारत बंद केली आहे, या बातम्यांसाठी लोक पुन्हा गावच्याच बातमीदाराकडे वळले.

जे टिकले आणि जे गेले

ठाणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाखांवर होती. जिल्ह्याची एक कोटी दहा लाख होती, देशात सर्वाधिक. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका राहिल्या. सहा महासभा, सहा स्थायी समित्या, शेकडो प्रभाग. एवढ्या कारभारावर लक्ष ठेवायला मुंबईतून पाठवलेला एखादा बातमीदार पुरणार नाही. ‘अरुणोदय’च्या काळी सोळा हजारांच्या गावाला स्वतःचे पत्र लागत होते. आज तर त्याची गरज शंभरपटीने आहे.

हा इतिहास लिहिताना एक फरक सतत जाणवत राहिला. १८६६ च्या पत्राचा मागोवा दीडशे वर्षांनंतरही घेता येतो. कागद टिकला, ग्रंथालयांनी फायली बांधल्या, सरकारी दप्तरात गोषवारे राहिले. केबलवरच्या बातमीपत्रांचा काळ तर कालपरवाचा. पण त्यांच्या कॅसेट महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, ज्या उरल्या त्यांना पावसाळी हवेत बुरशी लागली. वीस-पंचवीस वर्षांचे ठाणे, त्याच्या महासभा, त्याचे मोर्चे, पाडलेले वाडे आणि बुजवलेली शेते, चित्रित होऊनही हातातून निसटत आहे. पीडीएफ अंकांचीही तीच गत होऊ शकते. मोबाइल बदलला की अंक गेला.

डिसेंबर २०१० मध्ये ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरले, तेव्हा अध्यक्षपदी उत्तम कांबळे हे संपादक होते. पत्रकार आणि वाचक यांचे नाते या शहराला नवे नाही. त्या नात्याच्या भरवशावर या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मी तीन कामे ठेवतो. ज्यांच्या माळ्यावर किंवा कपाटात स्थानिक साप्ताहिकांचे सुटे अंक आहेत, त्यांनी ते रद्दीत न देता ग्रंथालयाकडे द्यावेत. केबल चालकांकडे आणि जुन्या कॅमेरामनकडे उरलेल्या कॅसेट गोळा करून त्यांचे डिजिटल रूपांतर करण्यासाठी पत्रकार, महाविद्यालये आणि महापालिका यांनी एकत्र यावे. आणि आजच्या प्रत्येक स्थानिक पत्राने व वाहिनीने आपल्या अंकाची आणि बातमीपत्राची एक प्रत दरमहा एका ठरलेल्या जागी जमा करावी.

काशिनाथ फडके यांनी पत्र काढले तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल थोडे होते आणि स्पर्धा मुंबईशी होती. आपल्यापाशी साधने भरपूर आहेत. संग्रहाचे हे काम याच वर्षी हाती घेतले, तर पुढच्या स्मरणिकेत इतिहास लिहिणाऱ्याला ठाण्याची बातमी ठाण्यातच सापडेल.